निळी खूण

रंगाचा डबा पाठीला, कुंचला दातात,
दोन्ही हात कातळाच्या स्वाधीन.
एप्रिलचा दुसरा आठवडा. पोटोमॅक अजून गढूळ,
वरच्या डोंगरांतलं बर्फाचं पाणी पोटात घेऊन
घळीतून तोंडातल्या तोंडात पुटपुटत निघालेली.

हिला वाट म्हणणं म्हणजे उपकारच.
पावलापुरती जागा, मग तीही नाही,
मग बोटं शिरतील एवढी चीर,
मग घराएवढा धोंडा;
त्याच्या पाठीवरून जायचं की पोटाखालून
ते फक्त खूण सांगते:
वीतभर उभी, तीन बोटं रुंद, निळी.
हिवाळ्यात पूर येतो, खुणा चाटून जातो.
मग कुणीतरी त्या पुन्हा काढतं.
यंदा मी.

तेवीस वर्षं रोस्को डॉर्सीने काढल्या.
आता त्याच्या उजव्या गुडघ्यात स्टीलची वाटी,
आणि तो खाली कालव्याच्या जुन्या दरवाजापाशी,
जिथे कधीकाळी खेचरं नावा ओढत,
थर्मास मांडीवर घेऊन बसलेला.
सकाळी यादी दिली नाही, नकाशाही नाही.
म्हणाला, "तीन टेकू दगडाला, चौथा हवेत.
घाई झाली असं वाटलं की थांबायचं.
आणि बगळा उडाला तरी
वर बघायचं नाही."

बगळा उडाला.
मी वर बघितलं.
डाव्या ढोपराचं साल दगडानं ठेवून घेतलं.

तिरप्या भिंतीवर एकजण अडकला होता,
कोरे बूट, गाल कातळाला चिकटलेला,
जणू आतलं काही ऐकतोय.
"अजून किती आहे?" त्यानं दगडालाच विचारलं.
मी म्हटलं, पुढच्या खुणेपर्यंत.
"आणि तिथून?"
तिथली अजून ओली आहे, हात लावू नका.
तो हसला, आणि हसताना त्याचा पाय
आपोआप खालच्या खाचेत गेला.

एकेचाळिसाव्या खुणेपाशी वाट डावीकडे वळते.
उजवीकडे, दोन धोंड्यांच्या फटीत,
आणखी एक होती. पुसट. नकाशात नसलेली.
कोपरांनी, गुडघ्यांनी, शेवटी पोटावर सरपटत
मी तिच्या मागे गेले.

पुढे काही नाही. साठ फूट हवा.
एक सपाट दगड, दोन माणसांपुरता,
त्यात रांजणखळगा, खळग्यात पाणी,
पाण्यात बेडकाची पिल्लं, नुकती शेपटीची.
खाली नदी अख्खी वळताना दिसत होती,
आणि एक लाल होडी उलटली, माणसासकट,
मी श्वास धरला,
आणि ती पाणी झटकत सरळ झाली.

कचेरीच्या फायलीत या जागेच्या तक्रारी आहेत:
"खूण चुकीची. वाट संपते. माघारी यावं लागलं."
एकानं खाली रेघ मारून लिहिलंय, "वीस मिनिटं फुकट."
मीही ती फाईल चाळली होती.
वाटलं होतं, म्हातारा चुकला असेल एकदा.

पण जवळून बघितलं तर
रंगाचे थर होते, एकावर एक,
पोपडा निघाला तिथे कडेनं मोजता येतील असे;
सात मोजले, मग नखानं अजून उकरवेना.
जो माणूस आयुष्यभर लोकांना
पाय कुठे ठेवायचा ते सांगत आला
तो दरवर्षी इथे येऊन, पोटावर सरपटून,
हीच एक चूक नव्यानं करत होता.

मी बराच वेळ बसले. ढोपराचं रक्त सुकलं.

उतरले तेव्हा उन्हं कालव्यावर आडवी झालेली.
रोस्कोनं झाकणात कॉफी ओतली,
माझ्या ढोपराकडे बघितलं, बोटांकडे बघितलं.
"वर बघितलंस तर," म्हणाला.
मग डबा उचलून कानाशी हलवला.
"रंग पुरला?"
पुरला. शेवटी जरा खरवडावा लागला.

"हां," म्हणाला तो, आणि झाकण लावता लावता,
"तसाच पुरतो दरवर्षी."